एक कॅटेनॉइड हाताशी ठेवून मिनिमल सरफेस शिकताना

मिनिमल सरफेसचं गणित शिकताना एक गैरसमज फार लवकर मनात बसतो आणि फार उशिरा निघतो. ज्या पृष्ठभागाची माध्य वक्रता (काटकोनातल्या दोन दिशांच्या वळणांची सरासरी) प्रत्येक बिंदूपाशी शून्य, तो मिनिमल सरफेस, अशी व्याख्या आपण वाचतो आणि लगेच धरून चालतो की हाच सर्वांत कमी क्षेत्रफळाचा पृष्ठभाग. पण वक्रता शून्य असण्याची अट क्षेत्रफळाच्या पहिल्या डेरिव्हेटिव्हची आहे. क्षेत्रफळ खरोखर कमीत कमी आहे का, हा प्रश्न त्यानंतर सुरू होतो आणि या विषयातलं सगळ्यांत सुंदर गणित त्या प्रश्नाच्या मागेच उभं आहे. ही दोन पावलं पहिल्या दिवसापासून वेगळी ठेवली, तर पुढची निम्मी वाट सोपी होते.

दुसरा सल्ला अभ्यासाच्या पद्धतीबद्दल. एकच सरफेस निवडा आणि प्रत्येक नवी संकल्पना त्याच्यावर हातानं तपासा. माझ्या मते तो सरफेस कॅटेनॉइडच असावा, म्हणजे टांगलेल्या साखळीचा वक्र अक्षाभोवती फिरवून मिळणारा पृष्ठभाग. त्याची समीकरणं कागदावर मावतात, आकडे साध्या कॅल्क्युलेटरवर निघतात, आणि विषयातली जवळपास प्रत्येक मोठी गोष्ट त्याच्यात लहान रूपात सापडते. खालचा सगळा आराखडा त्याच्याभोवतीच रचला आहे.

आधी काय यायला हवं

दोन-तीन चलांचं कलन, रेषीय बीजगणित आणि साधी डिफरन्शियल समीकरणं यांत हात बसलेला असावा. संमिश्र फंक्शनांचा सिद्धांत सुरुवातीला लागत नाही, पण मध्यावर आल्यावर त्याच्याशिवाय पुढे जाता येत नाही. तेव्हा कोशीचं प्रमेय आणि रेसिड्यू हे दोन विषय समांतरपणे वाचायला घ्या.

मॅनिफोल्ड, टेन्सर, कनेक्शन यांपासून सुरुवात करू नका, असं मी आग्रहानं सांगेन. ती भाषा पुढे लागतेच, पण त्रिमितीतल्या पृष्ठभागांवर पुरेशी आकडेमोड न करता ती शिकली की चिन्हं हलवता येतात, आकार मात्र दिसत नाही. पहिल्या टप्प्यात एवढंच पक्कं करा: पृष्ठभागाचं दोन चलांतलं वर्णन, पहिल्या मूलभूत रूपाचे ई, एफ, जी (पहिल्या आंशिक डेरिव्हेटिव्हांचे आपसांतले डॉट प्रॉडक्ट), दुसऱ्या मूलभूत रूपाचे एल, एम, एन (दुसऱ्या आंशिक डेरिव्हेटिव्हांचे एकक लंबाशी डॉट प्रॉडक्ट), आणि त्यांतून निघणाऱ्या दोन प्रमुख वक्रता. दोन्ही प्रमुख वक्रतांची सरासरी म्हणजे माध्य वक्रता आणि त्यांचा गुणाकार म्हणजे गाउस वक्रता.

माध्य वक्रता शून्य म्हणजे दोन्ही प्रमुख वक्रता समान मापाच्या आणि उलट चिन्हांच्या. एका दिशेनं पृष्ठभाग जितका वर वळतो, तिच्या काटकोनातल्या दिशेनं तितकाच खाली. म्हणून मिनिमल सरफेसची गाउस वक्रता कधीच धन नसते.

पहिलं गणित, पूर्ण हातानं

कॅटेनरी म्हणजे दोन टोकांना टांगलेल्या साखळीचा वक्र. तो आडव्या अक्षाभोवती फिरवला की कॅटेनॉइड तयार होतो. ऑयलरनं १७४४ मध्ये तो क्षेत्रफळाच्या प्रश्नातून शोधला. इथे आपण अक्ष उभा धरू. उ हा फिरण्याचा कोन आणि व ही उंची (कॉसएच, साइनएच, टॅनएच ही हायपरबोलिक फंक्शनं):

स्थान = (कॉसएच व · कॉस उ, कॉसएच व · साइन उ, व)

उ आणि व यांच्या दिशेनं आंशिक डेरिव्हेटिव्ह काढा, त्यांचा क्रॉस प्रॉडक्ट घ्या, लांबीनं भागा. एकक लंब येतो:

(कॉस उ ÷ कॉसएच व, साइन उ ÷ कॉसएच व, −टॅनएच व)

आता सहा गुणांक. पहिल्या रूपात ई = जी = कॉसएच² व आणि एफ = ०. दुसऱ्या रूपात एल = −१, एम = ०, एन = १. माध्य वक्रतेचं सूत्र असं:

(एल·जी − २·एम·एफ + एन·ई) ÷ २(ई·जी − एफ²)

अंशात −कॉसएच² व + कॉसएच² व, म्हणजे शून्य. गाउस वक्रता −१ ÷ कॉसएच⁴ व येते. कमरेपाशी ती −१ असते आणि दूर जाल तशी झपाट्यानं शून्याकडे जाते.

इथेच थांबू नका. क्षेत्रफळाचा सूक्ष्म तुकडा कॉसएच² व आहे, म्हणून संपूर्ण कॅटेनॉइडवर गाउस वक्रतेचा इंटिग्रल घ्यायचा तर −१ ÷ कॉसएच² व याचा इंटिग्रल उणे अनंतापासून अनंतापर्यंत काढायचा आणि २ पायनं (पाय म्हणजे π) गुणायचं. उत्तर उणे ४ पाय. एकक गोलाचं क्षेत्रफळ ४ पाय असतं हे आठवलं की या आकड्याचा अर्थ उलगडतो: कॅटेनॉइडवरचे एकक लंब एकत्र केले तर ते दोन ध्रुव सोडून सगळा गोल बरोबर एकदा झाकतात. वर काढलेल्या लंबाच्या सूत्रात हे नुसतं पाहूनही दिसतं. टॅनएच व कधीच १ किंवा −१ होत नाही, म्हणून ध्रुव तेवढे सुटतात.

या गणिताला एक संध्याकाळ लागली तरी ती वाया जात नाही. पुढे प्रत्येक टप्प्यावर याच ओळींकडे परत यायचं आहे, तेव्हा ती वहीत नीट उतरवून ठेवा.

क्षेत्रफळ थोडंसं हलवून पाहणं

वक्रतेचा आणि क्षेत्रफळाचा संबंध कुठून येतो, हे एकदा स्वतः सिद्ध करा. लाग्रांजनं १७६२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखनात क्षेत्रफळाच्या प्रश्नावरून समीकरण मांडलं, आणि त्या समीकरणाचा भूमितीतला अर्थ माध्य वक्रता शून्य असा आहे, हे मनियेनं १७७६ मध्ये दाखवलं. आजच्या भाषेत ही सिद्धता चार ओळींची आहे.

पृष्ठभागाचा प्रत्येक बिंदू लंबाच्या दिशेनं ट × फाय इतका सरकवा. ट हा लहान आकडा आणि फाय हे कडेवर शून्य होणारं कोणतंही फंक्शन. ट चे वर्ग आणि वरचे घात सोडून दिले तर ई बदलून ई − २·ट·फाय·एल होतो. एफ आणि जी यांच्यातही तसाच बदल होतो, फक्त एलच्या जागी एम आणि एन येतात. हे ई·जी − एफ² मध्ये ठेवा. बदलाच्या पदात एल·जी + एन·ई − २·एम·एफ हाच गट जसाच्या तसा वर येतो, म्हणजे माध्य वक्रतेच्या सूत्राचा अंश. वर्गमूळ घेतल्यावर क्षेत्रफळाचा प्रत्येक तुकडा (१ − २·ट·फाय·माध्य वक्रता) इतक्या पटीनं बदललेला दिसतो. सगळे तुकडे एकत्र केले की क्षेत्रफळाचा पहिला डेरिव्हेटिव्ह मिळतो:

−२ × (फाय · माध्य वक्रता) याचा संपूर्ण पृष्ठभागावरचा इंटिग्रल

फाय कोणतंही निवडता येतं. म्हणून प्रत्येक फायसाठी हा डेरिव्हेटिव्ह शून्य व्हायचा असेल, तर माध्य वक्रता सगळीकडे शून्यच असावी लागते. सिद्धता संपली. तिनं काय सिद्ध केलं नाही तेही लिहून ठेवा: क्षेत्रफळ कमीत कमी असल्याबद्दल तिच्यात एक अक्षरही नाही.

दोन कड्या, दोन कॅटेनॉइड

हा टप्पा घाई न करता करावा. समान त्रिज्येच्या दोन वर्तुळाकार कड्या एकमेकींसमोर समांतर धरल्या आहेत. त्रिज्या १ आणि अंतरही १ असू द्या. या दोन कड्यांवर टेकलेला कॅटेनॉइड शोधायचा आहे.

आधी एक साधं समीकरण सोडवा. अक्षाभोवती फिरवलेल्या पृष्ठभागाची त्रिज्या उंचीनुसार बदलते. माध्य वक्रता शून्य असण्याची अट अशी येते: १ + (त्रिज्येच्या पहिल्या डेरिव्हेटिव्हचा वर्ग) = त्रिज्या × तिचा दुसरा डेरिव्हेटिव्ह. सोडवल्यावर त्रिज्या = अ × कॉसएच(उंची ÷ अ) मिळते. अ ही कमरेची त्रिज्या. सपाट पातळी सोडली तर असा दुसरा पृष्ठभाग नाही, हेही याच गणितातून निघतं.

कड्या मध्यापासून ०.५ वर आणि ०.५ खाली आहेत, म्हणून अ × कॉसएच(०.५ ÷ अ) = १ हवं. ०.५ ÷ अ याला त म्हणू. समीकरण होतं कॉसएच त ÷ त = २. कॅल्क्युलेटर घेऊन बसा. त्याची उत्तरं दोन येतात: त ≈ ०.५८९ आणि त ≈ २.१२७. म्हणजे कमरेची त्रिज्या एकदा सुमारे ०.८४८ आणि एकदा सुमारे ०.२३५. एक जाड कॅटेनॉइड, एक बारीक. दोन्हींची माध्य वक्रता शून्य, दोन्ही त्याच दोन कड्यांवर टेकलेले.

आता क्षेत्रफळं काढा. ह हे निम्मं अंतर धरलं तर सूत्र २ पाय × अ × (ह + (अ ÷ २) × साइनएच(२ह ÷ अ)). जाड कॅटेनॉइडचं क्षेत्रफळ सुमारे ५.९९ येतं आणि बारीकचं सुमारे ६.८५. तुलनेसाठी आणखी दोन आकडे घ्या. सरळ दंडगोलाचं क्षेत्रफळ २ पाय, म्हणजे ६.२८. दोन कड्यांवर दोन वेगळ्या सपाट चकत्या लावल्या तर त्यांचं एकत्र क्षेत्रफळही नेमकं २ पाय. बारीक कॅटेनॉइडवर माध्य वक्रता सगळीकडे शून्य आहे आणि तरी त्याचं क्षेत्रफळ एका साध्या दंडगोलापेक्षा जास्त भरतं! पहिल्या परिच्छेदातला फरक याहून स्पष्ट कुठे दिसणार?

अंतर वाढवत न्या. कॉसएच त ÷ त या फंक्शनचं किमान मूल्य सुमारे १.५०९ आहे आणि ते त × टॅनएच त = १ असताना येतं, म्हणजे त ≈ १.१९९७ पाशी. म्हणून कड्यांमधलं अंतर त्रिज्येच्या सुमारे १.३२५ पटीपलीकडे गेलं की समीकरणाला उत्तरच उरत नाही. त्या दोन कड्यांना जोडणारा कॅटेनॉइड अस्तित्वात नसतो आणि साबणाची फिल्म फुटून दोन चकत्या होतात. त्याच्या आधीच, अंतर त्रिज्येच्या सुमारे १.०५५ पट झालं की दोन चकत्यांचं क्षेत्रफळ जाड कॅटेनॉइडपेक्षा कमी होतं. या दोन आकड्यांच्या मधल्या पट्ट्यात फिल्म टिकते, पण ती सर्वांत कमी क्षेत्रफळाची नसते. जवळपासच्या पृष्ठभागांत मात्र तीच सर्वांत लहान. १.१९९७ हा आकडा वहीत अधोरेखित करून ठेवा. तो पुन्हा येणार आहे.

आलेख असलेला सरफेस

पृष्ठभाग एखाद्या फंक्शनचा आलेख असेल, तर लाग्रांजचं मूळ समीकरण मिळतं. क्ष आणि य यांच्या एका फंक्शनवरचं हे दुसऱ्या कोटीचं, अरेषीय समीकरण आहे. इथे एकच गणित पुरे: फंक्शन क्षचं एक आणि यचं एक अशा दोन फंक्शनांची बेरीज आहे असं धरा. चल वेगळे होतात आणि उत्तर लॉग(कॉस य ÷ कॉस क्ष) असं येतं. हा शेर्कचा सरफेस, १८३० च्या दशकातला. बुद्धिबळाच्या पटावरच्या एका रंगाच्या घरांवर तो पसरतो, कोपऱ्यांत उभ्या रेषांवर टेकतो आणि घरांच्या कडांजवळ अनंतापर्यंत वर किंवा खाली जातो. चित्र काढून पाहाच.

आलेखांना एक मोठा फायदा आहे. बहिर्वक्र क्षेत्रावरचा मिनिमल आलेख, त्याच कडेवर टेकलेल्या सगळ्या पृष्ठभागांत खरोखर सर्वांत कमी क्षेत्रफळाचा असतो. लंब सदिश उभ्या दिशेनं, त्या क्षेत्रावर उभ्या केलेल्या सगळ्या दंडगोलात तसाच पसरवा, त्याचं डायव्हर्जन्स शून्य येतं हे तपासा आणि डायव्हर्जन्सचं प्रमेय लावा. सिद्धता तेवढीच आहे.

विषय बदलतो तो क्षण

पृष्ठभागावर असे चल निवडता येतात की ई = जी आणि एफ = ० होईल. त्यांना आयसोथर्मल चल म्हणतात. आपल्या कॅटेनॉइडचे उ आणि व मुळातच तसे आहेत. अशा चलांत स्थानाचा लाप्लासियन, म्हणजे उ आणि व यांच्या दिशेच्या दुसऱ्या डेरिव्हेटिव्हांची बेरीज, पृष्ठभागाला लंब असतो आणि त्याची लांबी २ × ई × माध्य वक्रता असते. हे ई = जी आणि एफ = ० यांचेच डेरिव्हेटिव्ह घेऊन निघतं. म्हणून माध्य वक्रता शून्य असण्याचा अर्थ एकच उरतो: अवकाशातले तिन्ही निर्देशांक हार्मोनिक फंक्शनं आहेत, म्हणजे त्यांचा लाप्लासियन शून्य आहे.

याचं महत्त्व कळायला दोन परिणाम स्वतः काढा. हार्मोनिक फंक्शनला आतल्या बिंदूपाशी कमाल मूल्य घेता येत नाही, म्हणून कड नसलेला बंदिस्त मिनिमल सरफेस त्रिमितीत असूच शकत नाही. आणि कड असलेला मिनिमल सरफेस आपल्या कडेच्या बहिर्वक्र वेष्टनाबाहेर कधी जात नाही. दोन्ही सिद्धता दोन-दोन ओळींच्या आहेत.

प्रत्येक हार्मोनिक फंक्शनला एक जोडीदार असतो, कोशी-रीमान समीकरणांनी बांधलेला. कॅटेनॉइडच्या तिन्ही निर्देशांकांचे जोडीदार काढा. पहिल्याचा साइनएच व · साइन उ, दुसऱ्याचा −साइनएच व · कॉस उ, तिसऱ्याचा उ. हा झाला हेलिकॉइड, गोल जिन्याच्या चढणीचा आकार. आता कॅटेनॉइडला कॉस थीटानं, हेलिकॉइडला साइन थीटानं गुणून बेरीज करा. थीटा शून्यापासून काटकोनापर्यंत नेताना एक दुसऱ्यात बदलत जातो. मधला प्रत्येक सरफेस मिनिमल असतो, ई, एफ, जी कधी बदलत नाहीत, म्हणजे पृष्ठभागावर मोजलेली लांबी तीच राहते, आणि प्रत्येक बिंदूचा लंबही तोच राहतो. हे तिन्ही दावे कागदावर तपासायला अर्धं पान लागतं. त्याचं चलच्चित्र बनवता आलं तर बनवा. मला या विषयातलं याहून देखणं दृश्य माहीत नाही.

वायरस्ट्रासचं सूत्र

आता संमिश्र फंक्शनं हवीत. स हा संमिश्र चल. फ आणि ग ही दोन संमिश्र फंक्शनं घ्या आणि हे तीन घटक लिहा (आय म्हणजे −१ चं वर्गमूळ):

फ·(१ − ग²) ÷ २, आय·फ·(१ + ग²) ÷ २, फ·ग

या तिघांच्या वर्गांची बेरीज शून्य येते, करून पाहा. ती शून्य असणं म्हणजेच चल आयसोथर्मल असणं. तिघांचा इंटिग्रल घेऊन वास्तव भाग काढला की मिनिमल सरफेस तयार. लहान तुकड्यावर, सपाट पातळीचे काही प्रकार सोडले तर, प्रत्येक मिनिमल सरफेस असाच मिळतो. १८६० च्या दशकात एनेपर आणि वायरस्ट्रास यांनी हे मांडलं. ग ला भूमितीचा थेट अर्थ आहे: तो एकक लंबच, गोलावरून पातळीवर स्टीरिओग्राफिक प्रक्षेपानं उतरवलेला.

सगळ्यात सोपी निवड फ = २, ग = स. उत्तर बहुपदींत येतं: पहिला निर्देशांक उ − उ³/३ + उ·व², तिसरा उ² − व². हा एनेपरचा सरफेस. त्याची एकूण वक्रताही उणे ४ पाय येते, कॅटेनॉइडइतकीच. पण दूर गेल्यावर तो स्वतःलाच छेदतो. ऑसरमननं सिद्ध केलं की पूर्ण (कुठेही कडेपाशी न संपणाऱ्या) मिनिमल सरफेसांत एकूण वक्रता उणे ४ पाय असलेले एवढे दोनच आहेत.

आता खरा धडा. फ = १ ÷ स² आणि ग = स घ्या, मूळबिंदू सोडून. तिसरा घटक १ ÷ स होतो. मूळबिंदूभोवती एक फेरी मारली तर त्याचा इंटिग्रल २ × पाय × आय, पूर्णपणे काल्पनिक. वास्तव भाग शून्य, म्हणून फेरी मारून आपण त्याच बिंदूवर परत येतो. पहिल्या दोन घटकांत रेसिड्यू नाहीच. पृष्ठभाग नीट बंद होतो आणि तो कॅटेनॉइड असतो. फ ला आय नं गुणा. त्याच फेरीचा इंटिग्रल आता −२ पाय, पूर्ण वास्तव. प्रत्येक फेरीगणिक तुम्ही उभ्या दिशेनं २ पाय इतके सरकता, आणि हेलिकॉइड उलगडतो.

ह्याला पीरियडचा प्रश्न म्हणतात. नवे सरफेस बनवणाऱ्याचं खरं काम याच ठिकाणी असतं. फ आणि ग लिहिणं सोपं, पण प्रत्येक बंद फेरीवर वास्तव भाग शून्य आणणं कठीण. बऱ्याच काळापर्यंत पूर्ण, स्वतःला न छेदणारे आणि सांत टोपॉलॉजीचे तीनच मिनिमल सरफेस माहीत होते: पातळी, कॅटेनॉइड आणि हेलिकॉइड. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला सेल्सो कोस्टा यांनी टोरसवरची (फुगवलेल्या ट्यूबच्या आकाराच्या पृष्ठभागावरची) फंक्शनं वापरून तीन टोकांचा एक नवा सरफेस लिहिला. तो स्वतःला छेदत नाही हे डेव्हिड हॉफमन आणि विल्यम मीक्स यांनी सिद्ध केलं. त्यांनी आधी संगणकावर चित्रं काढली, चित्रांत सममिती दिसली आणि त्या सममितीतून सिद्धतेची वाट सापडली.

अस्तित्वाचा प्रश्न

अवकाशात कोणताही बंद वक्र दिला तर त्याच्यावर टेकलेला कमीत कमी क्षेत्रफळाचा पृष्ठभाग असतोच का? साबणाच्या फिल्मवर प्रयोग करणारे बेल्जियमचे भौतिकशास्त्रज्ञ प्लातो यांच्या नावानं हा प्रश्न ओळखला जातो. चकतीच्या आकाराच्या पृष्ठभागांसाठी त्याचं उत्तर १९३० च्या सुमारास टिबॉर राडो आणि जेसी डग्लस यांनी स्वतंत्रपणे दिलं. १९३६ साली पहिल्यांदा दिल्या गेलेल्या फील्ड्स पदकांपैकी एक डग्लस यांना मिळालं.

शिकणाऱ्यानं कूरांतनं सोपी केलेली वाट धरावी. क्षेत्रफळाऐवजी डिरिक्ले ऊर्जा, म्हणजे निर्देशांकांच्या ग्रेडियंटांच्या वर्गांचा इंटिग्रल, कमी करायची. क्षेत्रफळ नेहमी त्या ऊर्जेइतकं किंवा तिच्याहून कमी असतं (ऊर्जेच्या व्याख्येत निम्मा गुणक धरून), आणि चल आयसोथर्मल असले की दोन्ही समान होतात. क्षेत्रफळात चल हवे तसे बदलायची जी बेसुमार मोकळीक असते, ती ऊर्जेत उरत नाही. ही सिद्धता पहिल्या वाचनात पूर्ण पेलली नाही तरी चालेल. कल्पना पकडून पुढे जा.

स्थिरता: १.१९९७ पुन्हा

पहिला डेरिव्हेटिव्ह शून्य झाल्यावर दुसरा पाहायचा. मिनिमल सरफेससाठी तो असा असतो:

फायच्या ग्रेडियंटचा वर्ग + २ × गाउस वक्रता × फाय², यांचा पृष्ठभागावरचा इंटिग्रल

गाउस वक्रता ऋण असते, म्हणून दुसरं पद आकडा खाली ओढतं. कडेवर शून्य असणाऱ्या प्रत्येक फायसाठी हा इंटिग्रल ऋण नसेल, तर सरफेस स्थिर. जिथे वक्रता तीव्र आणि तुकडा मोठा, तिथे स्थिरता जाते.

कॅटेनॉइडवर हे उतरवा. पहिल्या गणितातले आकडे ठेवले की सीमेवरच्या प्रसंगासाठी एक साधं समीकरण उरतं: फायचा दुसरा डेरिव्हेटिव्ह + २·फाय ÷ कॉसएच² व = ०. ते सोडवायची खटपटही नको. कॅटेनॉइड मूळबिंदूपासून मोठा केला तरी मिनिमलच राहतो, म्हणून त्या हालचालीचा लंब दिशेचा घटक हे समीकरण आपोआप पाळतो. स्थान आणि एकक लंब यांचा डॉट प्रॉडक्ट घ्या. येतं १ − व × टॅनएच व.

हे शून्य केव्हा होतं? व × टॅनएच व = १ असताना, म्हणजे व ≈ १.१९९७. कड्यांच्या गणितात ज्या आकड्यावर कॅटेनॉइड नाहीसा झाला, त्याच आकड्यावर स्थिरता संपते. जाड कॅटेनॉइडचं त ०.५८९, सीमेच्या आत, म्हणून स्थिर. बारीकचं २.१२७, सीमेबाहेर, म्हणून अस्थिर. अंतर वाढवत नेलं की जाड आणि बारीक एकमेकांजवळ सरकतात, १.१९९७ वर एक होतात आणि दोन्ही एकदम संपतात. दोन वेगळ्या वाटांनी आलेली गणितं इथे एका बिंदूवर मिळतात. हा योगायोग नाही, आणि तो का नाही याचं उत्तर शोधण्यात घालवलेला वेळ सत्कारणी लागतो.

संगणकावर

पृष्ठभाग त्रिकोणांनी बनलेला धरा. एका शिरोबिंदूच्या संदर्भात एकूण क्षेत्रफळाचा ग्रेडियंट त्याला जोडणाऱ्या प्रत्येक कडेच्या समोरच्या दोन कोनांच्या कोटॅंजेंटनी लिहिता येतो. पिंकॉल आणि पोल्टियर यांनी १९९३ मध्ये यावर आधारलेली पद्धत मांडली. पायथनमध्ये हे थोड्या ओळींत लिहून होतं. तयार साधन हवं असेल तर केन ब्रॅकी यांचा सरफेस इव्हॉल्व्हर मोफत मिळतो. त्रिज्या १, अंतर १ अशा दंडगोलापासून सुरुवात करा. क्षेत्रफळ सुमारे ६.२८ वरून ५.९९ कडे उतरायला हवं आणि कंबर ०.८४८ वर स्थिरावायला हवी. मग अंतर १.४ करा आणि कंबर कशी आवळत जाते ते पाहा. बारीक कॅटेनॉइड या पद्धतीनं कधीच हाती लागणार नाही. का, ते वर आलंच आहे.

पुढची वाट

इथून फाटे फुटतात. संमिश्र फंक्शनं आवडली असतील तर रीमान सरफेस आणि पीरियडचे प्रश्न. विश्लेषणाकडे ओढा असेल तर एलिप्टिक समीकरणं आणि जॉमेट्रिक मेझर थिअरी. साबणाच्या फिल्म तीन-तीन पडदे १२० अंशांत जुळवतात, हे प्लातोंचं निरीक्षण १९७६ मध्ये जीन टेलर यांनी याच शेवटच्या साधनांनी सिद्ध केलं.

दुसरा फाटा घेणाऱ्यांनी बर्नस्टाइनच्या प्रमेयापासून सुरुवात करावी. संपूर्ण पातळीवर पसरलेला मिनिमल आलेख सपाटच असतो, हे बर्नस्टाइननं १९१० च्या दशकात दाखवलं. जास्त मितींत हे खरं राहतं का? डी जॉर्जी, आल्मग्रेन आणि सायमन्स यांनी १९६० च्या दशकात ते सात चलांपर्यंत खरं असल्याचं सिद्ध केलं. १९६९ मध्ये बॉम्बिएरी, डी जॉर्जी आणि जुस्ती यांनी आठ चलांत ते खोटं ठरवलं. आठपाशीच का मोडावं, हे सुरुवातीला गूढ वाटतं, पण त्याचं मूळ वर शिकलेल्या स्थिरतेतच आहे.

आठ मितींच्या अवकाशात पहिल्या चार निर्देशांकांच्या वर्गांची बेरीज उरलेल्या चारांच्या वर्गांच्या बेरजेइतकी धरा. हा सायमन्सचा शंकू, सात मितींचा. टोकापासून एक एकक अंतरावर त्याच्या प्रमुख वक्रता तीन वेळा १, तीन वेळा −१ आणि एकदा ० अशा येतात. बेरीज शून्य, म्हणून तो मिनिमल. स्थिरतेच्या इंटिग्रलमध्ये आता −२ × गाउस वक्रतेच्या जागी सगळ्या वक्रतांच्या वर्गांची बेरीज बसते, म्हणजे ६ भागिले अंतराचा वर्ग. समोरच्या ग्रेडियंटच्या पदाला हार्डीची असमानता आधार देते: ते पद, फाय² भागिले अंतराचा वर्ग याच्या इंटिग्रलच्या एका ठरावीक पटीहून कमी होत नाही. शंकूच्या मिती न असतील तर ही पट, म्हणजे तिचा स्थिरांक, (न − २)² ÷ ४. सात मितींत तो ६.२५ येतो आणि ६ त्याच्या आत मावतात. तीच मांडणी एक मिती खाली, सहा मितींच्या शंकूवर करा: वक्रतांच्या वर्गांची बेरीज ५, हार्डीचा स्थिरांक ४, आणि शंकू अस्थिर.